कवाईचा कडा आणि वरून येणारं पाणी

‘जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर? एवढं तर आपण दर रविवारी सिंहगडावर करतो.’ हवाईतल्या कवाई बेटावर ना पालीच्या कड्यांतून केए ते हानाकापियाई पुळणीपर्यंत जाणाऱ्या वाटेबद्दल आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींकडून हे ऐकू येतं. अंतर बरोबर आहे, अंदाज चुकीचा. वाट समुद्रालगत सुरू होते आणि लगेच चढाला लागते. मग तेवढंच उतरायचं, आणि परतताना तोच हिशेब उलटा. पाऊस पडून गेला की लाल चिकणमाती दगडांवर पसरते आणि बूट ठरत नाही. आपल्या केवड्याच्या जातकुळीतली हाला नावाची झाडं कडेला उभी असतात, पण त्यांच्या मुळ्यांचा आधार सगळीकडे मिळत नाही. धबधब्यापर्यंत जायचं तर आत आणखी सव्वातीन किलोमीटर, तेही ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत. म्हणजे एकूण तेरा किलोमीटर आणि अख्खा दिवस.

सर्वांत घातक समज वेगळाच आहे: ऊन पडलंय, म्हणजे ओढा सुरक्षित. खरं तर पुळणीवर लख्ख ऊन असताना वरच्या डोंगरात ढग फुटलेला असू शकतो. बेटाच्या मध्यावरचा वाईआलेआले जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणला जातो, आणि खोऱ्यांच्या भिंती इतक्या उभ्या आहेत की पाणी वाटेत थांबत नाही. सकाळी गुडघाभर असलेला ओढा दुपारी छातीला लागतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर ओलांडायचं नाही. अलीकडे-पलीकडे जिथे असाल तिथे उंचावर बसून राहायचं. रात्र काढावी लागली तरी चालेल. पाणी बहुधा काही तासांत ओसरतं.

आपल्याला पावसाळा ठाऊक आहे, हा भरवसाही इथे दगा देतो. सह्याद्रीत पाऊस महिने सांगून येतो; कवाईत मुसळधार सर कोणत्याही महिन्यात येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आपण विसरलेलो नाही. एप्रिल २०१८ मध्ये कवाईच्या याच उत्तर किनाऱ्यावर हानालेईजवळ चोवीस तासांत १,२६२ मिलिमीटर नोंदला गेला. अमेरिकेतला तो विक्रम. दरडींनी रस्ता तोडला, आणि तो सर्वांसाठी खुला व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. भुशी धरणाजवळ जून २०२४ मध्ये एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही पाणी वरूनच आलं होतं. वाट बदलते, पाण्याची रीत नाही.

हानाकापियाईला पोहोचल्यावर पाण्यात उतरावंसं वाटणं साहजिक आहे. उतरू नका. समोर प्रवाळाची भिंत नाही, लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात आणि पाण्याला जबर ओढ आहे. बुडालेल्यांच्या संख्येच्या रेघा कोरलेली एक लाकडी पाटी इथे बरीच वर्षं होती. उन्हाळ्यात पुळण असते, हिवाळ्यातल्या लाटा ती वाळू घेऊन जातात आणि नुसते गोटे उरतात.

धबधब्याचं पाणी स्वच्छ, हा समजही सोडा. लेप्टोची भीती मुंबईकरांना सांगायला नको. रानडुकरं आणि उंदीर तिथेही आहेत, म्हणून पायाला जखम असेल तर ओढ्यात रेंगाळू नये आणि पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये.

परवाना लागतो तो मुक्कामाला, असंही सर्रास सांगितलं जातं. हवाईबाहेरून येणाऱ्याला, ही वाट जिथून सुरू होते त्या हाएना उद्यानात शिरायलाच आगाऊ नोंदणी लागते. ती तीस दिवस आधी सुरू होते. २०१९ पासून दिवसाला ९०० पाहुण्यांची मर्यादा आहे. हानाकापियाईच्या पुढे जायचं तर त्याच दिवशी परतणार असलात तरी मुक्कामाचा परवाना हवा. ही अडवणूक नव्हे. पूर्वी इथे याच्या दुपटीहून जास्त माणसं येत, आणि त्या गर्दीचा भार रस्त्यावर, पुळणीवर आणि गावावर पडे.

आणि हे काही अस्पर्श जंगल नाही. या खोऱ्यांत हवाईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांनी दगडी बांध घालून अळूची खाचरं केली. धबधब्याच्या वाटेवर हे बांध दिसतात, जुन्या कॉफीच्या गिरणीचे अवशेषही दिसतात. हाएनात तर जुन्या रहिवाशांच्या वंशजांनी खाचरं पुन्हा लागवडीखाली आणली आहेत. वाहनतळावरून केएकडे जाणारी फळ्यांची वाट या खाचरांवरूनच जाते, तेव्हा फोटोसाठी बांधावर उतरू नका. ते कुणाचं तरी चालू शेत आहे.