आय-पिल घेतली, मग आता कसली भीती?

वसतिगृहात राहणाऱ्या मुलींमध्ये असुरक्षित संबंधानंतर पहिली धास्ती असते ती पाळी चुकण्याची. मैत्रिणीला घेऊन मेडिकल गाठायचं, हळू आवाजात गोळी मागायची, दुकानदाराने ती कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत टाकायची आणि बाहेर आल्यावर सुटकेचा श्वास सोडायचा. एचआयव्हीचं नावही निघत नाही. तो ‘तसल्या’ लोकांचा आजार, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

ही समजूत आली कुठून, तेही उघड आहे. भारतात 1986 साली चेन्नईत पहिली लागण आढळली ती देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये. पुढे कित्येक वर्षं जनजागृतीची भित्तिपत्रकं त्यांच्या वस्त्यांत आणि ट्रकचालकांच्या धाब्यांवरच लागली. आज देशातल्या सुमारे 25 लाख एचआयव्हीबाधितांमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या असंख्य जणींना लागण झाली ती स्वतःच्या नवऱ्याकडून. म्हणजे ‘तो तसा नाहीये’ या वाक्याला वैद्यकीय अर्थ शून्य. तो चांगला असेलही. पण त्याची तपासणी झाली आहे का, एवढाच प्रश्न इथे कामाचा आहे.

आता त्या गोळीबद्दल. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक बीजांड बाहेर पडणं लांबवतं. विषाणूशी त्याचं काही देणंघेणं नाही. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या आणि कॉपर-टी यांचंही तेच. गर्भ आणि लैंगिक संसर्ग दोन्ही रोखणारं साधन आजही एकच, कंडोम. पुरुषांचा किंवा स्त्रियांचा.

गंमत अशी, की 72 तासांची जी मुदत मुलींना गोळीमुळे पाठ असते, तीच एचआयव्हीलाही लागू आहे. फक्त औषध वेगळं. कंडोम फाटला, किंवा जबरदस्ती झाली, तर 72 तासांच्या आत एचआयव्हीविरोधी औषधं सुरू करून ती 28 दिवस घेतली, तर लागण बहुतेक वेळा टळते. याला पीईपी म्हणतात. इथे एकेक तास मोलाचा असतो. ‘सोमवारी बघू’ म्हणून चालत नाही. आपल्या मनाने मेडिकलमधून घ्यायची ही औषधं नव्हेत. सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग किंवा एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्र, गाठायचं. लैंगिक अत्याचार झाला असेल, तर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार झालेली असावी लागत नाही. ही माहिती प्रत्येक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर असायला हवी. तिथे असतं मात्र गेट बंद होण्याच्या वेळेचं पत्रक.

‘एकदाच झालंय, एकदाने काय होतंय?’ एका संबंधात धोका कमी असतो हे खरंच. बाधित पुरुषाबरोबरच्या योनिमार्गातून झालेल्या असुरक्षित संबंधात स्त्रीला लागण होण्याची शक्यता सरासरी दहा हजारांत आठ धरतात. उलट दिशेला, स्त्रीकडून पुरुषाला, ती साधारण निम्मी. गुदमार्गाच्या संबंधात मात्र स्त्रीला लागण होण्याची शक्यता शंभरात एकाच्याही वर जाते. ‘गर्भ राहत नाही’ म्हणून तो मार्ग सुरक्षित समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिवाय सरासरी फसवी असते. जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल, तर त्याच्या शरीरात विषाणू सर्वाधिक असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत त्याची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून शेवटच्या धोक्यानंतर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची असते. तापात केलेल्या साध्या रक्ततपासणीत एचआयव्ही कळत नाही. त्याची चाचणी वेगळी असते.

यातून सुचणारी एक चलाखी फार वाईट. ‘एनएसएसच्या शिबिरात रक्तदान करू, ते तपासतातच की!’ तपासतात, पण नव्या लागणीचे पहिले काही दिवस त्यांच्याही चाचणीतून निसटू शकतात, आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला चढू शकतं. शंका असेल तर रक्तदान करू नये, बस्स.

कंडोमबद्दल दोन बारीक गोष्टी. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. आणि एकावर एक दोन चढवले तर घर्षणाने ते फाटण्याचीच भीती.

मेसचं ताट, संडास, डास, मिठी यांतून एचआयव्ही पसरत नाही. हे शाळेत शिकूनही बाधित मैत्रिणीचा पेला वेगळा ठेवणाऱ्या मुली आहेत. नियमित उपचार घेऊन ज्यांच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला आहे, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. 2004पासून ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आणि 2017च्या कायद्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून कोणतंही कॉलेज विद्यार्थिनीला प्रवेश नाकारू शकत नाही.

एचआयव्हीच्या आडून दुसरे आजार मात्र विसरले जातात. क्लॅमिडिया बहुतेक मुलींना काहीही त्रास न देता आत राहतो आणि पुढे गर्भनलिका खराब करतो. एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. त्यावरची देशी लस, सर्वाव्हॅक, पुण्यातच बनते. कॉलेजच्या वयातही ती घेता येते.

राहिला घरी कळण्याचा प्रश्न, कारण मुली चाचणी टाळतात त्या रोगापेक्षा याच भीतीने. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या आयसीटीसी या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मग रक्त घेतात; अहवाल बहुधा त्याच दिवशी हातात मिळतो. अठरा पूर्ण असतील तर आईवडिलांची सही लागत नाही आणि त्यांना कळवलंही जात नाही. तिथवर जायचा धीर होत नसेल, तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर आधी नुसतं विचारून घेता येतं.