सणांची चित्रपुस्तके : चीनची, मराठीची आणि मंगळवेढ्याची

चिनी सणांच्या चित्रपुस्तकांत हमखास भेटणारा प्राणी म्हणजे नियेन. वर्षाच्या शेवटच्या रात्री हा राक्षस गावात शिरतो आणि लाल रंग, उजेड, फटाके यांना बिचकून पळतो. म्हणून नववर्षाला दारावर लाल कागद लावतात, असे पुस्तक सांगते. ड्रॅगन नौकांच्या सणाला नदीत जीव देणारा कवी छू युआन येतो, चंद्रोत्सवाला चंद्रावरची देवी छांगअ आणि तिचा ससा. हा ससा मराठी मुलांनाही परका नाही.

या पुस्तकांत वेगळे उठून दिसते ते यू लिछ्योंग यांनी लिहिलेले आणि चू छंगल्यांग यांनी चितारलेले ‘थुआनयुआन’, म्हणजे पुनर्भेट. २००९ मध्ये चिनी चित्रपुस्तकांचा पहिलाच फंग चखाय पुरस्कार त्याला मिळाला. त्यात नियेन नाही. बांधकामावर दूर राबणारा बाप वर्षातून एकदाच, नववर्षाला घरी येतो. दाढी वाढलेल्या बापाला त्याची मुलगी माओमाओ आधी घाबरते. केस कापल्यावर तो तिला पुन्हा ओळखीचा वाटतो. तांदळाच्या पिठाच्या एका गोळ्यात तो नाणे दडवतो आणि ते नेमके तिच्या दाताखाली येते. पुढे ते हरवते, सापडते, आणि निघताना ती ते बापाच्याच हाती देते. चार दिवसांत बाप दाराला रंग देतो, छपराची गळती काढतो. सणाची माहिती एका ओळीचीही नाही, तरी सण पुरेपूर आहे.

मराठीत मुलांच्या हाती सण आला तो बहुतेक कथेच्या आणि विधीच्या रूपात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाने दिवाळी अंकांची सवय लावली, १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमर चित्रकथेने पुराणे आणि संत चित्रांत आणले. घरातले साधे जगणे चित्रपुस्तकात आणण्याचे श्रेय मुख्यतः माधुरी पुरंदरे यांचे. ‘राधाचं घर’मधली माणसे उपदेश करत नाहीत, ती नुसती घरात वावरतात. सणाच्या पुस्तकाला हीच वाट मानवेल. महाराष्ट्रात तर ‘थुआनयुआन’ची गोष्ट उलटी घडते: गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि ऊसतोडीची कुटुंबे सणाच्या सुमारास घर सोडतात. त्या घरातल्या मुलाची दिवाळी कोणी तरी चितारायला हवी.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात अशा पुस्तकांना विषयांचा तोटा नाही. दुष्काळात कोठारे खुली करणारे दामाजीपंत आणि १३३८ मध्ये येथेच गावकूस कोसळून गेलेले चोखामेळा ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. चित्रकाराला अधिक वाव आहे तो तालुक्यातल्या हुलजंतीत. दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री महालिंगरायाच्या मंदिराच्या शिखराला प्रत्यक्ष शिवपार्वती मुंडास बांधतात, अशी श्रद्धा आहे. मग बिरोबा आणि महालिंगराया यांच्या पालख्यांची भेट होते. बिरोबा गुरू, महालिंगराया शिष्य. ढोल घुमतात, भंडारा आणि लोकर उधळली जाते, पिवळ्या धुरळ्यात समोरचा माणूस दिसत नाही. खांद्यावर बसलेल्या पोराच्या नजरेने ही गर्दी काढली तर पानेच्या पाने नुसत्या पिवळ्या रंगाची होतील, शब्द फारसे लागणार नाहीत.

मार्गशीर्षातली वेळ अमावास्या हा सोलापूर-लातूर-धाराशिवकडचा दुसरा विषय. रब्बी ज्वारी उभी असते, कडब्याची कोप रचतात, पाच दगड पांडव म्हणून पुजतात, आंबिल आणि भज्जी रानातच वाढतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मुलाला त्याहून कोपीच्या आत काय आहे हे बघायचे असते. ही पुस्तके निघालीच तर मराठी आणि कन्नड ओळी शेजारी छापाव्यात. हुलजंतीला कर्नाटकातूनही भाविक येतात आणि वेळ अमावास्या सीमेपलीकडच्या रानांतही होते.