माणूसपण राहतं कुठे?

माणसाचं माणूसपण कशात असतं? युरोपातल्या मानवतावादाने ते माणसाच्या आत, त्याच्या बुद्धीत शोधलं. १६३७ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने हाती येईल त्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊन पाहिला. शेवटी उरला तो विचार करणारा, एकटा ‘मी’. १७८९ मध्ये फ्रान्सने माणसाचे हक्क जाहीर केले. तरीही फ्रेंच वसाहतींतले गुलाम गुलामच राहिले. पुढे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने आफ्रिकेला इतिहासाबाहेर काढलं. माणसाची व्याख्या करता करता माणसंच वगळली गेली!

यावर आफ्रिकी विचारवंतांनी दिलेलं उत्तर थक्क करतं. ‘आम्हालाही बुद्धी आहे’ एवढ्यावर न थांबता त्यांनी थेट त्या एकट्या ‘मी’लाच हात घातला. केनियाच्या जॉन म्बिती यांनी १९६९ मध्ये मांडलं, की ‘मी’च्या आधी ‘आम्ही’ येतो. नायजेरियाचे इफेआन्यी मेंकिटी १९८४ मध्ये आणखी पुढे गेले: माणूसपण जन्मासोबत येत नाही, ते इतरांमध्ये राहून, जबाबदाऱ्या पेलत कमवावं लागतं. ते मृत्यूने लगेच संपतही नाही. नावानिशी आठवण काढणारं कुणी आहे, तोवर गेलेला माणूस समाजाचा घटकच असतो.

पण मग ज्याने ते कमावलंच नाही, त्याचं काय? घानाचे क्वामे ग्येक्ये इथेच अडले. समाज माणसाला घडवतो हे त्यांना मान्य होतं. पण माणसाची प्रतिष्ठा ही समाजाची देणगी नव्हे, म्हणून समाजाला ती काढूनही घेता येत नाही, असं त्यांनी बजावलं.

हा वाद पुस्तकांतच राहिला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेने सूड नाकारून ‘उबुंटू’ची, म्हणजे माणसांनी एकमेकांमुळे माणूस असण्याची, गरज सांगितली. १९९५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयापुढे खुनाच्या दोन दोषींचा खटला आला. ११ न्यायमूर्तींनी एकमताने खुनासाठीची फाशीची शिक्षाच रद्द केली. जगण्याचा आणि प्रतिष्ठेचा हक्क या निकालात मध्यवर्ती होता. इव्हॉन मोक्गोरो यांच्यासह अनेक न्यायमूर्तींनी त्याला उबुंटूची जोड दिली.

ज्या विचाराला तत्त्वज्ञान म्हणायलाही युरोप दीर्घकाळ राजी नव्हता, त्याने इथे मानवतावादाला त्याच्याच शब्दाला जागायला मदत केली: खुनी झाला तरी माणूस माणसांतून वजा होत नाही.