रूपांतर केलेल्या व्हिडिओत चित्र दिसते, पण आवाज का येत नाही?

२०१४ साली समाजशास्त्राचे शिक्षण घेत असताना आम्ही वस्तीतील एका आजींची मुलाखत कॅमेऱ्यावर घेतली होती. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या. मजुरी किती मिळायची, सुकडी कशी वाटली जायची, तान्ह्या लेकराला कुठल्या झाडाखाली झोपवायचे, हे सगळे त्यांनी पाऊण तास सांगितले. गेल्या वर्षी आजी गेल्या. पहिल्या स्मृतिदिनाला ती मुलाखत सर्वांना दाखवावी, असे घरच्यांनी ठरवले. कॅमेऱ्यातील फायली मोबाइलवर उघडेनात, म्हणून त्या तालुक्याच्या गावी एका दुकानातून एमपी४ करून आणल्या. संध्याकाळी नातवाचा फोन आला, "ताई, आजी दिसते, पण बोलत नाही."

आम्ही दुकानात विचारले, तर उत्तर आले, "आमच्याकडे तर आवाज येतो." आम्हाला वाटले, दुकानदार जबाबदारी टाळतो आहे. पण तो खरे बोलत होता.

हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. लग्नाची कॅसेट, जयंतीच्या कार्यक्रमाची सीडी, जुन्या मोबाइलमधील वडिलांचे भाषण, काहीही असो; रूपांतर केले की चित्र राहते आणि आवाज जातो. असे का होते आणि अशा वेळी काय करावे, हे आम्ही या प्रसंगातून शिकलो.

फाइल म्हणजे जेवणाचा डबा

व्हिडिओ फाइल ही एकसंध वस्तू नसते. जेवणाच्या डब्यात जसे वेगवेगळे कप्पे असतात, तसे फाइलमध्ये चित्राचा एक प्रवाह आणि आवाजाचा दुसरा प्रवाह असतो. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही, थ्रीजीपी ही नावे फक्त डब्याची आहेत. आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने साठवले आहेत, ते झाकणावरून कळत नाही. साठवण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. फोनला डबा उघडता आला आणि चित्राचा कोडेक ओळखता आला, तरी आवाजाचा कोडेक ओळखता येईलच असे नाही. तसे झाले की फोन कोणतीही सूचना न देता नुसते चित्र दाखवतो आणि आपल्याला वाटते, आवाज कायमचा गेला.

आधी निदान, मग उपाय

सर्वात आधी ती फाइल संगणकावर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावा. बहुतेक जुने-नवे कोडेक या प्लेअरला स्वतःच ओळखता येतात. त्यातील 'टूल्स' या मेनूत 'कोडेक इन्फर्मेशन' उघडले की फाइलमध्ये कोणते प्रवाह आहेत, याची यादी दिसते. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअरही हेच काम करते. या तपासणीतून पुढीलपैकी एक गोष्ट समोर येते.

१. आवाज फाइलमध्ये आहे, पण फोनला तो ओळखता येत नाही

आजींच्या मुलाखतीचे हेच झाले होते. त्या काळातील अनेक हँडीकॅम एमटीएस नावाची फाइल तयार करत आणि तिच्यात आवाज बहुधा एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल पद्धतीने साठवत. डीव्हीडीवरही बऱ्याचदा हाच आवाज असतो. दुकानातील सॉफ्टवेअरने डबा बदलला, पण आवाज जसाच्या तसा ठेवला. दुकानदाराच्या संगणकाला एसी-३ कळत होता, नातवाच्या मोबाइलला कळत नव्हता. म्हणून दोघेही खरे बोलत होते.

उपाय सोपा आहे. आवाज एएसी या कोडेकमध्ये बदलून घ्यायचा. तो आजच्या जवळपास सर्व फोनवर चालतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल उघडा, 'ऑडिओ' या भागात जा, कोडेक म्हणून एएसी निवडा. तिथे 'पासथ्रू' असे लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ आवाज न बदलता पुढे जाणार आहे. तो पर्याय बदला. चित्र आधीच व्यवस्थित चालत असेल, तर एव्हीडेमक्समध्ये चित्रासाठी 'कॉपी' आणि आवाजासाठी एएसी निवडता येते. यामुळे चित्राचा दर्जा मुळीच घसरत नाही आणि वेळही वाचतो.

२. नव्या फाइलमध्ये आवाजाचा प्रवाहच नाही

यादीत फक्त चित्र दिसत असेल, तर रूपांतर करतानाच आवाज गळला आहे. जुन्या मोबाइलच्या थ्रीजीपी फायलींमध्ये आवाज बऱ्याचदा एएमआर पद्धतीचा असतो. तो ओळखता न आल्याने काही सॉफ्टवेअर त्याला सोडून पुढे जाते. मिनीडीव्ही कॅसेटवरून घेतलेल्या एव्हीआय फायलींचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आवाज चित्राच्या प्रवाहातच मिसळलेला असतो, दुसऱ्यात तो वेगळाही ठेवलेला असतो. पहिला प्रकार न समजणाऱ्या सॉफ्टवेअरला आवाज सापडतच नाही. कधी कारण अगदी साधे असते: सेटिंगमध्ये आवाजाची खूण काढलेली असते, किंवा व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवताना स्पीकरच्या चिन्हावर चुकून बोट लागलेले असते.

अशा फाइलवर कितीही प्रयोग केले तरी आवाज परत येणार नाही, कारण तो तिथे नाहीच. मूळ फाइलकडे परत जाणे हाच मार्ग. ती व्हीएलसीमध्ये लावून आवाज येतो का ते पाहा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा रूपांतर करा.

३. प्रवाह आहे, पण कोरा आहे

व्हीएचएस कॅसेट संगणकात घेताना हे घडते. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. पिवळी जोडलेली असते, पांढरी सैल असते. किंवा संगणकाने आवाजासाठी दुसरेच साधन निवडलेले असते. मग तीन तास शांतता रेकॉर्ड होते. म्हणून आधी एकच मिनिट घ्यावे, थांबून ऐकावे आणि मगच पूर्ण कॅसेट लावावी. जुनी कॅसेट पुन्हा पुन्हा फिरवणे तिच्यासाठी चांगले नसते.

४. हेडफोनमध्ये आवाज येतो, फोनच्या स्पीकरवर जातो

हा प्रकार सर्वात चकवणारा आहे. कार्यक्रमात माइकची वायर थेट कॅमेऱ्याला चुकीच्या पद्धतीने जोडली, तर डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आवाज परस्परविरुद्ध स्वरूपात नोंदला जातो. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू वेगळ्या राहतात, म्हणून ऐकू येते. एकाच स्पीकरच्या फोनमध्ये दोन्ही बाजू एकत्र होतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ आवाजाचे दोन भाग करून एक भाग काढून टाकला आणि उरलेला भाग मोनो म्हणून ठेवला, की बोलणे स्वच्छ ऐकू येते. दुरुस्त केलेला आवाज पुन्हा व्हिडिओला जोडावा लागतो, तेवढे एक काम वाढते.

मूळ फाइल पुसू नका

दुकानातून पेन ड्राइव्ह आला, तेव्हा आम्ही कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करून दुसऱ्या कामाला वापरणार होतो. एक दिवस उशीर झाला, म्हणून ते वाचले. आमच्या वेळी दोष पहिल्या प्रकारचा होता, त्यामुळे रूपांतरित फाइलमधूनही आवाज काढता आला असता. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा असता आणि कार्ड पुसलेले असते, तर आजींचे फक्त हलणारे ओठ उरले असते.

ज्यांनी आयुष्यभर खडी फोडली, शेतात राबल्या, त्यांच्याविषयी सरकारी कागदात फार तर हजेरीपटावरचा अंगठा सापडतो. त्यांचे म्हणणे त्यांच्या आवाजातच आहे. अशा रेकॉर्डिंगमध्ये चित्र धूसर असले तरी चालते. आवाज गेला की मुलाखत गेली.

म्हणून दुकानात काम देताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या: एमपी४ फाइल, चित्र एच.२६४, आवाज एएसी. काम परत घेताना आपल्याच मोबाइलवर, हेडफोन न लावता, सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ऐकून पाहा. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यांवर कोणाचे बोलणे आहे आणि ते कधी घेतले, हेही लिहा.

स्मृतिदिनाला आजींचा व्हिडिओ समाजमंदिरात दाखवला. मुलाखतीत मध्येच त्या आम्हाला विचारतात, "लिहून घेतलंस का गं?" तेव्हा सगळे हसले आणि त्यांची धाकटी सून रडली.