एका हातावर दहा

एका हातावर कितीपर्यंत मोजता येतं? पाच म्हणालात ना? पेरांवर मोजणारी आजी म्हणेल, बारा! (अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं. पाहा मोजून.) पण अमेरिकेतल्या युटा राज्यात काही शाळांमधली पहिलीची मुलं चिनी शिकतात, आणि चिनी पद्धतीनं पेरांना न शिवता एका हातावर दहापर्यंत पोचता येतं.

त्या शाळांत २००९ पासून अर्धा दिवस इंग्रजीत शिकवतात आणि अर्धा दिवस चिनीत. म्हणजे नुसता चिनी भाषेचा तास नाही हं, गणितसुद्धा चिनीतून! बऱ्याच मुलांच्या घरी कुणालाच चिनी येत नाही. तरीही चिनीच्या बाई वर्गात चिनीच बोलतात. मग समजायचं कसं? हातवारे, चित्रं आणि बोटं.

पाचपर्यंत सगळं आपल्यासारखंच. सहाला अंगठा आणि करंगळी बाहेर, बाकीची बोटं मिटलेली. आठला अंगठा आणि तर्जनी. नवाला तर्जनी हुकासारखी वाकवायची. दहाला मूठ. (सात मुद्दाम पूर्ण सांगत नाही, त्याला बोटांची टोकं एकत्र आणायची असतात आणि ते करून बघण्यातच मजा आहे.) चीनमध्ये गावोगावी या खुणा थोड्या बदलतात, पण गजबजलेल्या बाजारात भाव सांगायला एक हात पुरतो.

आता खरी गंमत. एक म्हणजे यी, दोन म्हणजे अर, दहा म्हणजे शर. मग अकरा? शर-यी, दहा-एक. वीस? अर-शर, दोन-दहा. एकवीस? अर-शर-यी. दहा शब्द पाठ झाले की नव्याण्णवपर्यंतचा रस्ता मोकळा! आणि आपल्याकडे? एकोणसाठ म्हणताना साठ ऐकू येतो आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसला 'वीस पाच' म्हणायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आईबाबांना विचारा. मला एकोणऐंशी, त्रेसष्ट हे शब्द भारी आवडतात. पण सहा वर्षांच्या पोराच्या बाजूनं पाहिलं, तर चिनी आकडेच बरे.

अर्थात चिनीही सुखासुखी सोडत नाही. चार म्हणजे स्स, आणि तो म्हणताना आवाज झपकन खाली आणायचा. दहाचा शर म्हणताना आवाज वर चढवायचा. आपण 'हो?' आणि 'हो!' म्हणतो तेव्हा आवाज बदलतो, पण शब्द तोच राहतो. चिनीत आवाजाची चढउतार बदलली की शब्दच बदलतो. असे चार सूर आहेत. ते पक्के व्हावेत म्हणून मुलं हवेत हात वर-खाली करत बोलतात. चौदा म्हणजे शर-स्स आणि चाळीस म्हणजे स्स-शर. भरभर म्हणा बरं पाच वेळा!

हेच आकडे पुढे वारांनाही पुरतात. सोमवार म्हणजे आठवडा-एक, मंगळवार आठवडा-दोन. रविवार तेवढा वेगळा. महिनेही पहिला, दुसरा, तिसरा असेच. त्यामुळे चीनमधला चंद्राचा सण कधी, तर चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला. त्या दिवशी मूनकेक नावाच्या गोल, सारण भरलेल्या मिठाया खातात.

ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदात येते. पण ६ ऑक्टोबर २०२५ ला काय झालं? चीनमध्ये लोक मूनकेक खात होते आणि आपण कोजागिरीचं मसाला दूध पीत होतो, एकाच रात्री! आपल्यासारखाच चिनी पंचांगातही मधूनमधून अधिक महिना घालावा लागतो. तिकडे तो २०२५ मध्येच येऊन गेला होता, म्हणून त्यांचा सण महिनाभर पुढे सरकला. आपला अधिक महिना, अधिक ज्येष्ठ, त्यानंतर २०२६ मध्ये.