जुन्या मोटारीला दोन कार्बोरेटर : निवड आणि ट्यूनिंग

ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनी तर त्याच्याही आधी बंद झाली. परंतु या गाड्या हौसेने सांभाळणारा एक वर्ग आजही आहे आणि त्यांच्या कार्बोरेटरला हात लावू शकणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. नव्या गाड्यांत इंजेक्शन आल्यापासून तरुण मिस्त्री हे काम शिकतच नाहीत. सबब ज्याच्या हाती हे हुनर आहे, त्याला चार पैसे मिळवण्याची संधी आहे. अशा गिऱ्हाइकांची एक नेहमीची मागणी असते : "इंजिनाचे काम केलेच आहे, तर आता डबल कार्बोरेटर बसवून द्या." हे काम कसे करावे आणि केव्हा नाकारावे, हे पाहू.

एक इंजिन, तीन रूपे

ॲम्बेसेडरला १९५९ पासून मिळालेले १४८९ सीसीचे इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी सिरीज' इंजिन होय. एका कार्बोरेटरवर ते सुमारे ५५ अश्वशक्ती देत असे. इंग्लंडमध्ये हेच इंजिन १९५३ च्या एमजी मॅग्नेट मोटारीत सव्वा इंची एसयू कार्बोरेटरच्या जोडीसह बसवले गेले, तेव्हा ताकद ६० झाली. पुढच्या मॅग्नेटमध्ये दीड इंची जोडी आली आणि आकडा ६८ वर गेला.

यावरून कार्बोरेटरमुळेच ताकद वाढते, असे वाटेल. पण तसे नाही. ६० वरून ६८ वर जाताना कंपनीने कॉम्प्रेशनही वाढवले होते. कार्बोरेटर ताकद निर्माण करीत नाही. इंजिन जेवढी हवा ओढू शकते, तेवढी अडथळ्याविना येऊ देणे आणि तिच्यात योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळणे, एवढेच त्याचे काम. इंजिनाची ओढच वाढलेली नसेल, तर जोडी बसवून गिऱ्हाइकाचा खर्च तेवढा वाढेल.

या इंजिनाला जोडी शोभते, याचे कारण त्याच्या हेडमध्ये आहे. सिलिंडर चार असले तरी हवा आत जाण्याची तोंडे दोनच आहेत. पहिल्या दोन सिलिंडरांना एक आणि मागच्या दोघांना एक. जोडी बसवली की प्रत्येक तोंडाला स्वतःचा कार्बोरेटर मिळतो. वेबरच्या डबल कार्बोरेटरची हौस अनेकांना असते. परंतु प्रत्येक सिलिंडरला वेगळी वाट हा त्याचा खरा फायदा येथे पूर्णपणे मिळत नाही. शिवाय जेट आणि चोक बदलून पाहण्याचा खर्च वेगळाच.

माप कोणते घ्यावे?

इंजिन मूळ स्थितीत असेल, तर सव्वा इंच पुरेसे आहे. हेड, कॅमशाफ्ट आणि सायलेन्सर या तिन्हींचे काम झाले असेल, तर दीड इंच घ्यावे. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीचे इंजिन १७९८ सीसीचे होते, तरी कंपनीने तिला दीड इंचीच जोडी दिली. तेव्हा १४८९ सीसीला पावणेदोन इंची जोडी बसवणे म्हणजे मुलाच्या पायात बापाचा जोडा घालण्यासारखे आहे.

जुनी जोडी विकत घेताना दोन्ही नग एकाच प्रकारचे आहेत ना, हे पाहावे. सुईवरील अक्षरे आणि स्प्रिंगवरील रंग दोन्हीकडे सारखे हवेत. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो खिळखिळा असेल तर तेथून हवा ओढली जाते आणि कोणतेही ट्यूनिंग टिकत नाही. अशा वेळी लेथवर नवे बुश बसवून दांडा बदलणे हाच उपाय. एका कार्बोरेटरच्या आतला पिस्टन दुसऱ्यात कधीही घालू नये. तो आपल्याच टोपाशी जुळवलेला असतो.

कार्बोरेटर सर्वांत शेवटी

बहुतेक गॅरेजांत येथेच चूक होते. गाडी आली की प्रथम कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला जातो. खरे पाहता आधी कॉम्प्रेशन मोजावे, मग टॅपेट, पॉइंट, प्लग आणि टायमिंग ठीक करावे, मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे. त्यानंतरचा क्रम असा :

१. पिस्टन हाताने उचलून सोडावा. तो 'टक्' आवाज करीत खाली बसला पाहिजे. अडकत असेल तर सुई जेटला घासते आहे, असे समजावे.

२. पिस्टनच्या वरच्या नळीत वीस नंबरचे पातळ इंजिन ऑइल भरावे. ते नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताच पिस्टन उसळतो, पेट्रोल कमी पडते आणि गाडी अडखळते.

३. दोन्ही जेट आतल्या पुलाच्या पातळीला आणावेत आणि मग जेटचा नट दोन पूर्ण फेरे खाली फिरवावा. नटाला सहा बाजू असतात, म्हणजे बारा बाजू झाल्या. ही फक्त सुरुवात आहे.

४. इंजिन चांगले गरम करावे. दोन्ही थ्रॉटलना जोडणाऱ्या दांड्याच्या पकडी सैल कराव्यात. रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा आवाज ऐकावा. स्लोचे स्क्रू फिरवून दोन्हीकडचा आवाज सारखा करावा.

५. आता मिक्स्चर पाहावे. एका कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. नट वर घ्यावा. इंजिन बसू लागले, तर पेट्रोल कमी आहे. नट खाली घ्यावा. वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला, तर बरोबर आहे. मग दुसऱ्यावर जावे आणि पुन्हा पहिला तपासावा, कारण एकाला हात लावला की दुसऱ्यावर परिणाम होतोच.

६. आवाज पुन्हा ऐकून, दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतील अशा रीतीने पकडी आवळाव्यात. गाडी चालवून प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग चांगला. काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि पांढरट असेल तर कमी.

आजचे पेट्रोल आणि कायदा

ही इंजिने शिशाच्या पेट्रोलसाठी बनली होती. आपल्या देशात ते २००० मध्ये बंद झाले. त्यामुळे हेड उघडलेलेच असेल तर एक्झॉस्ट वाल्वला कडक सीट बसवून घ्याव्यात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्याच सुईवर हे मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. पातळ मिश्रणावर गाडी सुरुवातीला झकास पळते, पण एक्झॉस्ट वाल्व जळण्याचा धोका वाढतो. म्हणून अधिक पेट्रोल देणारी सुई निवडावी आणि जुने रबरी पाइप व सील बदलावेत.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच विचारावी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, परंतु तिच्या चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. तशी नोंदणी करायची असेल तर काम थांबवून आधी आरटीओत चौकशी करण्यास सांगावे. मूळ कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड भंगारात न टाकता त्याच्या हवाली करावेत.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय जोडीचा अंदाज देऊ नये. इंजिन थकलेले आढळले, तर तसे स्पष्ट सांगून आहे तोच कार्बोरेटर नीट करून द्यावा. त्या दिवशी बिल लहान होईल. पण जोडी बसवूनही गाडी न पळाल्यास दोष कार्बोरेटरला कोणी देत नाही, मिस्त्रीला देतात. लहान बिलाचे गिऱ्हाईक परत येते आणि सोबत आणखी एकाला आणते.