वीजबिल वाचताना (भाग ५) : कंपनी तीच, दर मात्र तपासता येतो

मोबाइलचं सिम बदलावं तशी वीज कंपनी बदलता आली तर? मुंबईच्या उपनगरांत हे घडलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर तिथल्या ग्राहकांना टाटा पॉवर आणि तेव्हाची रिलायन्स (आताची अदानी) यांतून निवड करता आली. आपल्या कारंजात ती सोय नाही. इथे तारा, खांब, मीटर सगळं महावितरणचं. खुल्या बाजारातून वीज घेण्याची मुभा मोठ्या ग्राहकांना आहे, आपल्यासारख्या घरांना नाही.

तरीही एकाच कंपनीकडे सगळ्यांना एकच दर लागत नाही. तो कशावर ठरतो, ते आज पाहू.

बिलाच्या वरच्या भागात ‘दर संकेत’ आणि ‘मंजूर भार’ असे दोन रकाने असतात. जोडणी सिंगल फेज आहे की थ्री फेज, तेही दर संकेतात दिसतं. एकेकाळी घरात गिरणी किंवा मोठी मोटर होती म्हणून थ्री फेज घेतलं. आता ती विकली, पण जोडणी तशीच राहिली, असं कित्येक घरांत असतं. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त आहे. एकही दिवा न लावता तो दरमहा भरावा लागतो. गरज संपली असेल तर सिंगल फेजसाठी अर्ज करून टाकावा.

दुसरी बाब घरातल्या धंद्याची. समोरच्या खोलीत शिलाई मशीन, पापड, शिकवणी. एवढ्यासाठी व्यापारी दर लावून घ्यायची गरज नाही. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा ३,६०० पर्यंत असेल, तर घरगुती दर लागू होतो; वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकातच तशी तरतूद आहे. मात्र घरगुती मीटरवरून वेगळं दुकान चालवू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे लागू दराच्या दुपटीने आकारणी होते.

आता खरा पैसा जिथे जातो तिथे येऊ. २०२४-२५ मध्ये वीज आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६ आणि ३०१ ते ५०० ला १५.७२ असा दर होता. आयोगाच्या आदेशाने आकडे बदलत राहतात, पण चढती पायरी कायम असते. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महाग होतं, हा समज चुकीचा आहे. महाग होतात ती वरचीच युनिटं.

समजा, एका घराला फेब्रुवारीत ९० युनिटं लागली. १६ टक्के वीज शुल्कासह त्यांचे ६१४ रुपये झाले. स्थिर आकार आणि इंधन समायोजन वेगळं. मे महिन्यात वाळ्याचा कुलर लागला. दोनशे वॅटचा कुलर रोज दहा तास चालला की महिन्याला ६० युनिटं. त्यातली १० खालच्या दराने, ५० वरच्या दराने, शुल्क धरून ७३३ रुपये. आधीच्या ९० युनिटांपेक्षा या ६० युनिटांनाच जास्त पैसे पडले!

म्हणून बचत वरच्या पायरीवरून मोजावी. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी लावला आणि तो सोळा तास फिरला, तर महिन्याला २१ युनिटं वाचतात. शंभराच्या वर वापर असलेल्या घरात त्यांची किंमत पावणेतीनशे रुपयांच्या पुढे जाते. पंखा बदलायचा असेल तर जो सर्वांत जास्त फिरतो तोच आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

१ जुलै २०२५ पासून आणखी एक सोय झाली आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत आहे, सुरुवात युनिटमागे ८० पैशांपासून. बोअरची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री या वेळेत उरकता येते; दुपारचा कुलर तर आपसूकच त्यात बसतो. पण ४० युनिटं दिवसाकडे वळवली तर वाचतात ३२ रुपये. त्या पंख्यापुढे हे फार थोडं आहे, त्यामुळे या सवलतीसाठी म्हाताऱ्या माणसांच्या अंघोळीच्या वेळा बदलू नयेत.

छापील बिल बंद करून ‘गो ग्रीन’ घेतलं तर बिलामागे १० रुपये सुटतात. तेही करून घ्या.

(पुढील आठवड्यात : छतावरची सौरवीज आणि नेट मीटर)